सरकती सावली : जालन्याच्या अंगणातले स्वस्त मांडव

जालन्याच्या नव्या वसाहतींत घराच्या नकाशावर ‘पर्गोला’ आता हमखास असतो. मागच्या अंगणात नाहीतर गच्चीवर चार खांब उभे करायचे आणि त्यांवर फूट-दीड फूट अंतराने सिमेंटच्या किंवा लोखंडाच्या आडव्या पट्ट्या टाकायच्या. घराला शोभा येते, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी त्याखाली कोणी बसू शकत नाही. मग घरातली मंडळी आपापल्या परीने उपाय करतात. कोणी हिरवी जाळी ताणतो, कोणी जुनी ताडपत्री टाकतो, तर कोणी निवडणुकीनंतर उरलेला फ्लेक्स बांधतो. यातले काय टिकते, कशाने खरोखर गारवा मिळतो आणि कशावरचा पैसा वाया जातो, हे एकत्र पाहायला हवे. पारा ४० ते ४३ अंशांवर दोन महिने मुक्काम करतो, अशा जिल्ह्यात अंगणातली सावली ही हौसेची बाब राहत नाही.

नुसत्या पट्ट्यांचा पर्गोला इथे का फसतो? जालना साधारण १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १९-२० मेच्या आसपास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. अशा वेळी आठ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या चाळीस सेंटिमीटर अंतराने टाकल्या असतील, तर जमिनीचा जेमतेम पाचवा हिस्सा झाकला जातो. बाकी सगळे ऊन खाली. इटलीत रोम ४२ अंशांवर आहे. तिथे जूनमध्येही सूर्य डोक्यावर येत नाही, पट्ट्यांची सावली कायम तिरपी पडते आणि फटी थोड्याफार झाकल्या जातात. त्यातही तिथला पर्गोला मुळात द्राक्षवेलीसाठीचा सांगाडा आहे. सावली वेल देतो, पट्ट्या त्याला फक्त आधार देतात. आपण सांगाडा उचलला आणि वेल तिकडेच राहिला.

पण वरची फट बुजवली म्हणजे काम झाले, असेही नाही. माझ्या मते खरी अडचण पश्चिमेची आहे. जालन्यात मे महिन्यात घड्याळात साधारण १२ वाजून २० मिनिटे झाली की माध्यान्ह होते. दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर उतरलेला असतो. अडीच मीटर उंचीच्या मांडवाची सावली तेव्हा जवळपास तीन मीटर पूर्वेकडे सरकते. म्हणजे मांडवाची रुंदी तीन मीटर असेल, तर चार वाजता त्याखालच्या खुर्चीवर लख्ख ऊन असते आणि सावली पलीकडच्या भिंतीवर पडलेली असते. पाच वाजता ती पाच मीटरच्याही पुढे जाते. दिवसाचा सर्वांत त्रासदायक वेळ हाच. जमीन, भिंत, फरशी सगळे तापलेले असते आणि वरून तिरपे ऊन अंगावर येते. त्या वेळी सूर्य नेमका पश्चिमेलाही नसतो, थोडा वायव्येकडे झुकलेला असतो. म्हणून हातात मोजकेच पैसे असतील तर ते आधी पश्चिमेच्या आणि वायव्य कोपऱ्याच्या उभ्या पडद्यावर घालावेत, छतावर नंतर. दुकानात गेलेला बहुतेक माणूस नेमके उलटे करतो.

दुसरी गोष्ट आपल्या अंगणाच्या वापराची. मराठवाड्यातले अंगण उन्हाळ्यात दिवसभर कामात असते. सकाळी कुरडया, पापड, शेवया, लाल मिरची वाळत घालायची असते आणि त्यासाठी भरपूर ऊन लागते. दुपारी तिथेच बायका बसून काम करतात, त्यांना सावली लागते. रात्री बाज टाकून झोपायचे, तेव्हा वर मोकळे आभाळ हवे. दिवसभर तापलेली फरशी रात्री आपली उष्णता आभाळाकडे सोडते, आणि वर घट्ट छत असले की ती उष्णता तिथेच कोंडते. मग वैशाखात वळीव येतो. संध्याकाळी धुळीचे लोट, सोसाट्याचा वारा, पाठोपाठ गारा. त्या अर्ध्या तासात वरचे सगळे झटपट काढता आले पाहिजे. हिवाळ्यात तर याच अंगणात सगळे उन्हाला बसतात. एवढी कामे एका कायमच्या छताला जमत नाहीत. इथे सावली सरकती आणि हंगामी असावी. होळीच्या सुमारास बांधावी, मृग लागता लागता सोडून घडी घालून माळ्यावर ठेवावी. पुढचे सगळे पर्याय मी याच कसोटीवर पाहिले आहेत.

सांगाड्यासाठी जालनेकरांना दूर जावे लागत नाही. हे लोखंडाचे गाव आहे. भंगार वितळवून सळई करणाऱ्या कारखान्यांमुळे शहराची ओळख राज्यभर झाली आहे. वेल्डिंगची दुकाने गल्लोगल्ली आहेत आणि जुने पाइप, अँगल, चॅनेल भंगारात चांगल्या अवस्थेत मिळतात. शिवाय जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत. कडवंची गावाने पाणलोटाच्या कामातून आणि शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षशेती उभी केली, आणि जालन्याजवळच्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचा त्यात मोठा वाटा आहे. बाग मोडली की तिचे अँगल आणि जस्ताची तार विकायला निघतात. द्राक्षाचा मांडव ज्याने बांधला त्याला पर्गोला वेगळा शिकवायला नको. कोपऱ्याचा खांब बाहेरच्या बाजूला किंचित झुकवायचा, त्याला जमिनीत पुरलेल्या दगडाचा ताण द्यायचा, तार पक्कडीने ओढून पिळायची. हीच रीत घरच्या अंगणात चालते. अशा कारागिराला एक दिवसाची मजुरी देऊन खांब उभे करून घ्यावेत, कारण बाकीचे सगळे काम घरी करता आले तरी ताण चुकला की सगळा मांडव ढिला पडतो.

खांबाच्या खड्ड्याकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि नुसता पुरलेला खांब दोन वर्षांत हलू लागतो. खड्डा निदान दोन फूट खोल घ्यावा, तळाला मुरूम ठोकावा आणि खांबाभोवती काँक्रीट भरावे. लाकडी बल्ली वापरायची असेल तर जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर फासावे, नाहीतर वाळवी तिला सोडत नाही. बांबू हलका आणि स्वस्त, पण ताजा कापलेला लगेच वापरला तर त्याला भुंगा लागून पीठ गळू लागते. काही आठवडे पाण्यात बुडवून सावलीत वाळवलेला बांबू जास्त टिकतो. खांब उभे करण्याआधी वर पाहून घ्यावे. घरात येणारी विजेची सर्व्हिस वायर मांडवाच्या जवळ असेल, तर लोखंडी पाइप तिथे लावूच नये.

आता आच्छादन. सध्या सर्वांत जास्त खपणारी वस्तू म्हणजे शेडनेट, आणि ती इथे शेतातून घरात आली आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, तेव्हापासून बियाणे हा या भागाचा मोठा धंदा आहे. जाफराबाद तालुक्यात आणि शेजारच्या देऊळगाव राजा भागात भाजीपाल्याचे बीजोत्पादन शेडनेटखाली होते, तर भोकरदनकडे मिरचीची रोपे जाळीखाली वाढवली जातात. त्यामुळे जाळी निवडण्याचे, बांधण्याचे ज्ञान गावोगाव आहे. शहरातला माणूसच दुकानदार देईल ती घेऊन येतो.

जाळीवरची टक्केवारी म्हणजे ती किती ऊन अडवते तो आकडा. शेतात बहुधा ३५ ते ५० टक्क्यांची जाळी लागते, कारण पिकाला उजेड हवा असतो. माणसांना बसायला ७५ टक्क्यांची बरी. ९० टक्क्यांची घेण्याचा मोह होतो, पण ती इतकी दाट असते की खालची गरम हवा वर निसटत नाही आणि वाऱ्याचा मारही जास्त बसतो. माझी शिफारस मात्र वेगळी आहे. एका दाट जाळीऐवजी ५० टक्क्यांचे दोन थर एकमेकांपासून वीतभर अंतरावर लावावेत. पहिला थर निम्मे ऊन अडवतो, उरलेल्यातले निम्मे दुसरा अडवतो, म्हणजे खाली साधारण चौथाई ऊन पोहोचते. ७५ टक्क्यांच्या एका जाळीइतकीच ही सावली, पण वरचा थर तापला तरी त्याची धग थेट डोक्यावर येत नाही आणि मधल्या फटीतून वारा खेळतो. रंगाबद्दल सांगायचे तर काळी जाळी स्वतः खूप तापते, हिरवी डोळ्यांना बरी वाटते, आणि पांढरी ऊन परतवत असल्याने वरच्या थराला उत्तम.

खरेदी करताना अतिनील किरणांपासून संरक्षण दिलेली जाळी आहे का, हे विचारावेच. ती चार-पाच उन्हाळे सहज काढते. साधी जाळी एक-दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते, हाताने चुरगळली की तुकडे पडतात आणि ते प्लास्टिक मातीत जाते. जाळी चौरस मीटरला किती ग्रॅम भरते तेही पाहावे, कारण तीच टक्केवारी सांगून हलका माल खपवता येतो. चार बाय तीन मीटरच्या मांडवाला बारा चौरस मीटर जाळी पुरेल असे वाटते, पण कडा दुहेरी दुमडायला आणि थोडा झोळ ठेवायला पंधरा चौरस मीटर घ्यावी. खिळे मारून जाळी लावू नये, भोक वाढत वाढत फाटते. कडेला नायलॉनची दोरी ओवून ती तारेला बांधावी. ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटर नळ्या प्रत्येक शेतात पडून असतात. त्या लांबीत चिरून तारेवर चढवल्या की तार जाळीला कापत नाही. फुकटची ही युक्ती जाळीचे आयुष्य वाढवते.

याहून स्वस्त आणि माझ्या मनात सर्वांत वर असलेला पर्याय म्हणजे जुन्या साड्यांचा सरकता पडदा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असते. मांडवाच्या लांबीच्या दिशेने समांतर तारा ताणायच्या, दोन तारांमधले अंतर मीटरभर. साडीच्या दोन्ही लांब कडांना हातभर अंतराने पडद्याच्या कड्या शिवायच्या आणि त्या तारांमध्ये ओवायच्या. चार मीटरच्या तारेवर साडेपाच मीटरची साडी ओवली की ती लाटांसारखी झोळ देत बसते. तीन मीटर रुंदीला तीन साड्या पुरतात. दोरी ओढली की सावली, उलटी ओढली की मोकळे आभाळ. वाळवणाला सकाळी उघडा, दुपारी ओढा, रात्री पुन्हा उघडा, आणि वावटळ दिसली की दोन मिनिटांत सगळे एका टोकाला गोळा करून बांधा. सुती साडीची सावली गार असते पण उन्हाने ती एका हंगामात विरते. नायलॉन किंवा पॉलिस्टरची जास्त टिकते, उजेड मात्र अधिक सोडते, म्हणून ती दुहेरी घ्यावी. शेतकरी रानडुकरांना अडवायला जुन्या साड्या विकत घेऊन पिकाभोवती लावतात, त्यामुळे बाजारात त्या ढिगाने मिळतात. याच साड्या पश्चिमेला उभ्या लावल्या आणि खालच्या काठात वाळूची लांब पिशवी शिवली, तर तिरपे ऊनही अडते.

पश्चिमेच्या पडद्यासाठी आणखी एक देखणी वस्तू म्हणजे बांबूची तट्टी. बुरूड कारागीर मागाल त्या मापाची विणून देतात. तिच्या फटींतून वारा येतो, ऊन येत नाही. वर-खाली गुंडाळता येणारा बांबूचा पडदा महाग पडतो, पण साधी तट्टी दोन कड्यांवर टांगली की दिवसा उतरवता येते आणि संध्याकाळी बाजूला ठेवता येते. वाळ्याच्या पडद्याचा मोह अनेकांना होतो, आणि आपल्या कोरड्या हवेत ओल्या पडद्याचा गारवा खरोखर मोठा असतो. पण त्याला दिवसभर पाणी लागते. शहरातल्या ज्या वस्तीत नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे मी तो सुचवणार नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पाण्यावर चालणारी सावली इथे जपूनच निवडावी.

पिकांच्या अवशेषांचे छप्पर ही जुनी आणि अजूनही शहाणी रीत आहे. शेतातल्या आखाड्यावर पऱ्हाट्या, तुराट्या, कडबा टाकून केलेली सावली ज्यांनी अनुभवली, त्यांना तिचा गारवा वेगळा सांगावा लागत नाही. अंबड-घनसावंगीच्या उसाच्या पट्ट्यात पाचट मुबलक असते, भोकरदनकडे मक्याचा आणि कपाशीचा काडीकचरा. तारांवर आधी जुनी जाळी पसरायची, तिच्यावर तुराट्या एकाआड एक दिशेने रचायच्या आणि सुतळीने बांधायच्या. वीतभर जाडीचा थर ऊन जवळजवळ पूर्ण अडवतो, आणि त्यात कोंडलेली हवा धग खाली येऊ देत नाही. दोष तीन. एक आगीचा, त्यामुळे चूल, बंब आणि फटाके यांच्यापासून तो लांब हवा. दुसरा विंचवाचा आणि सापाचा, म्हणून दाट वस्तीत मी तो टाळीन. तिसरा म्हणजे हे छप्पर सरकत नाही. तरी शेतातल्या घराला, गोठ्याला, रोपवाटिकेला याच्याइतके स्वस्त आणि गार दुसरे काही नाही. पावसाळ्यापूर्वी ते उतरवले की थेट खताच्या खड्ड्यात जाते.

वेलींबद्दल लोकांना फार आशा असते, आणि निम्मी निराशा चुकीच्या वेलीमुळे येते. द्राक्षाचा वेल अंगणात लावावा असे कित्येकांच्या मनात येते. पण महाराष्ट्रात द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते. फळ हवे तर छाटणी करावी लागते, आणि छाटणी केली की सावली हवी त्याच महिन्यात मांडव उघडा पडतो. युरोपात वसंतात पालवून हिवाळ्यात पानगळ होणारा वेल इथे वेगळेच वेळापत्रक पाळतो. दोडका, गिलके, दुधी, कारले लवकर वाढतात. जानेवारीच्या अखेरीस आळ्यात बी टोकले तर मार्चअखेर मांडव भरू लागतो. मेच्या उन्हात फळधारणा कमी होते, पण पाने असतात तोवर सावली मिळते. त्यांना रोज पाणी हवे, ते भांडी धुतल्याचे किंवा शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे असले तरी चालते. कमी पाण्यात कायमची सोय हवी असेल तर मधुमालती किंवा बोगनवेल. दोन्ही मांडव भरायला दोन-तीन वर्षे घेतात. बोगनवेलीला काटे असतात, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरात मधुमालती बरी. ती पश्चिमेच्या जाळीवर चढवली तर दरवर्षी पडदा बांधायची गरजच संपते. आणि याच काळात कोपऱ्यात एक कडुलिंब लावावा. तो मोठा होईपर्यंत मांडवाने काम चालवायचे.

आता जे करू नये ते. ताडपत्री, फ्लेक्स, शेततळ्याचा जुना काळा कागद, सपाट पत्रा, या सगळ्यांनी ऊन अडते यात शंका नाही. पण हवा अडते, वस्तू तापते आणि तिची धग खाली उतरते. काळ्या कागदाखाली दुपारी बसणे उघड्या उन्हात बसण्याहून फारसे बरे नाही. वाऱ्याचा हिशेब तर आणखी गंभीर आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा चौरस मीटरला सुमारे २४ किलो दाब देतो. बारा चौरस मीटरच्या सलग छतावर हा भार पावणेतीनशे किलोंच्या पुढे जातो, आणि वाऱ्याखाली सापडलेले छत वर उचलले जाते. वळवाच्या पावसात पत्रे उडून माणसे जखमी झाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्यामागे हेच असते. पत्र्यावर दगड ठेवून भागवण्याची सवय तर जीवघेणी आहे, कारण पत्र्याबरोबर दगडही उडतो. फ्लेक्स फुकट मिळतो म्हणून वापरायचाच असेल, तर पश्चिमेला उभा लावावा, वाऱ्यासाठी त्यात जागोजागी अर्धगोल काप द्यावेत आणि वादळाआधी सोडावा.

या सगळ्या आढाव्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा उपयोग अंगणाबाहेरचा आहे. रेशीम शेतकऱ्यांनी तो दाखवून दिला. जालना बाजार समितीत २०१८ साली राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली आणि जिल्ह्यात तुतीची लागवड वाढली. रेशीम अळीला साधारण २३ ते २८ अंश तापमान लागते. बाहेर चाळिशी पार झालेली असताना पत्र्याच्या शेडमध्ये ते राखणे अवघड. म्हणून अनेक शेतकरी पत्र्यावर पाचट टाकतात, शेडभोवती जाळी लावतात, बाजूंना ओली गोणपाटे सोडतात. अळीसाठी केलेली ही सोय पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसांसाठीही करता येते. पत्र्याच्या फूटभर वर तारा ताणून त्यांवर पांढरी जाळी लावली, तर पत्रा मुळातच कमी तापतो, आणि मधल्या फुटातून वारा वाहतो. पत्र्याला आधी चुन्याचा पांढरा हात दिला तर आणखी फरक पडतो. पंख्याने गरम हवाच फिरवत राहण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कामाचा. औद्योगिक वसाहतीच्या आसपास पत्र्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे, पत्र्याखाली भरणाऱ्या अंगणवाड्या यांना पर्गोल्याच्या नक्षीपेक्षा या फूटभर उंचीच्या मांडवाची गरज मोठी आहे.

भाड्याच्या खोलीत खड्डे खणता येत नाहीत, भिंतीला खिळाही मारू देत नाहीत. तिथे रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या कामी येतात. प्रत्येक बादलीत मधोमध पाइप उभा करून काँक्रीट भरले की ती पंचेचाळीस किलोंच्या पुढे जाते. अशा चार बादल्या, वर साड्यांचा सरकता पडदा, पश्चिमेला एक तट्टी. सलग छत या वजनावर कधीच टाकू नये, पण उघडमीट होणारा पडदा त्यावर सुरक्षित राहतो, फक्त संध्याकाळी आभाळ भरून आले की तो गोळा करायचे काम घरातल्या एकाकडे नेमून दिलेले असावे. खोली बदलली की बादल्यांसह सगळे हातगाडीवर चढते.